विश्लेषण : घोड्याच्या मूलपेशींपासून सांध्यातील कूर्चा बनते, मग ती टिकत का नाही?

शर्यतीच्या घोड्याचे वजन साधारण ४५० ते ५०० किलो असते. तो भरधाव धावतो तेव्हा एका क्षणी त्याचा एकच पुढचा पाय जमिनीवर टेकलेला असतो आणि त्या पायावर शरीराच्या वजनाच्या जवळपास अडीचपट भार येतो. म्हणजे एक टनाहून अधिक. हा भार झेलते ती सांध्यातील हाडांच्या टोकांवरची जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची कूर्चा. ती एकदा झिजली की घोडा लंगडू लागतो आणि अनेकदा त्याची कारकीर्द तिथेच संपते. ही कूर्चा घोड्याच्याच मूलपेशींपासून (स्टेम सेल) तयार करता येईल का, यावर गेली २५ वर्षे संशोधन सुरू आहे. त्यासाठी वापरले जातात ‘ग्रोथ फॅक्टर’, म्हणजे पेशींना वाढीचे आदेश देणारी प्रथिने. प्रयोगशाळेत हे साधले आहे. सांध्यात मात्र गणित अजून पूर्ण सुटलेले नाही. घोड्यांच्या सांध्यांवरचे हे काम माणसांच्या गुडघ्यांसाठीही का महत्त्वाचे आहे, ते पाहू.

कूर्चा झिजली की भरून का येत नाही?

बोटाला कापले तर जखम भरते, हाड मोडले तर जुळते. कूर्चेचे तसे होत नाही. कूर्चा झिजली की ती पुन्हा पूर्ववत होत नाही, असे निरीक्षण स्कॉटिश शल्यविशारद विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. त्याचे कारण कूर्चेच्या रचनेत आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, नसा नसतात. दुरुस्तीसाठी लागणाऱ्या पेशी जखमेपर्यंत पोहोचतात त्या रक्तावाटे, आणि इथे तो रस्ताच नाही. कूर्चेतील पेशींची संख्याही कमी असते आणि त्या सहसा विभाजित होत नाहीत.

कूर्चेचा मोठा भाग, साधारण ७० ते ८० टक्के, पाण्याचा असतो. हे पाणी धरून ठेवते अ‍ॅग्रिकॅन नावाचे मोठे प्रथिन आणि या सगळ्याला आकार देते ‘टाइप-२ कोलॅजेन’ या तंतूंची जाळी. भार आला की पाणी दाबले जाते, भार हटला की पुन्हा शोषले जाते. नसा नसल्यामुळे झीज सुरू झाली तरी सुरुवातीला दुखत नाही. घोडा लंगडू लागतो किंवा माणसाचा गुडघा दुखू लागतो, तोवर बरेच नुकसान झालेले असते.

संशोधनासाठी घोडाच का?

पहिले कारण घोड्याची स्वतःची गरज हे आहे. घोड्यांच्या लंगडण्यामागे सांध्यांची झीज, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस, हे सर्वात मोठ्या कारणांपैकी एक आहे. सध्याचे उपचार म्हणजे विश्रांती, वेदनाशामक औषधे, सांध्यात स्टेरॉइड किंवा हायल्युरोनिक आम्लाचे इंजेक्शन. यातून वेदना आणि सूज कमी होते, कूर्चा परत येत नाही.

दुसरे कारण माणूस. घोड्याच्या मागच्या पायातील ‘स्टायफल’ हा सांधा माणसाच्या गुडघ्याशी जुळतो. तेथील कूर्चेची जाडी माणसाच्या गुडघ्यातील कूर्चेच्या बरीच जवळ जाते. उंदीर किंवा सशाची कूर्चा त्या मानाने फारच पातळ असते आणि सशामध्ये लहान खड्डे बऱ्याचदा आपोआप भरून येतात. त्यामुळे सशात यशस्वी झालेला उपचार माणसात फसू शकतो. घोड्याला सांध्याचा आजार नैसर्गिकरीत्या होतो, त्याच्या सांध्यात दुर्बीण घालून पाहता येते आणि त्याला पट्ट्यावर चालवून व्यायामही मोजून देता येतो. अमेरिकेतील कॉर्नेल आणि कोलोरॅडो स्टेट या विद्यापीठांतील पशुवैद्यकीय गटांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे ते यामुळेच.

मूलपेशी कोठून मिळवतात?

येथे वापरतात त्या ‘मेसेन्कायमल’ मूलपेशी. त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी बनू शकते. अस्थिमज्जेत अशा पेशी असतात हे सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांच्या १९६० आणि ७० च्या दशकांतील कामातून पुढे आले. ‘मेसेन्कायमल मूलपेशी’ हे नाव १९९१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनी रूढ केले.

घोड्यात या पेशी छातीच्या मधल्या हाडातून किंवा कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढून मिळवतात. घोड्याला भूल न देता, केवळ गुंगीचे औषध आणि ती जागा बधिर करणारे इंजेक्शन देऊनही हे करता येते. शेपटीजवळची चरबी, नाळेतील रक्त आणि शिरेतील रक्त हेही स्रोत आहेत. मात्र सर्व ठिकाणच्या पेशी सारख्या नसतात. कूर्चा बनवण्याच्या बाबतीत मज्जेतील पेशी चरबीतील पेशींपेक्षा सरस ठरतात, असे घोड्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. घोड्याचे वय आणि प्रत्येक घोड्यातील वैयक्तिक फरक यांचाही परिणाम होतो. एका घोड्याच्या पेशी छान कूर्चा बनवतात, तर त्याच पद्धतीने वाढवलेल्या दुसऱ्याच्या पेशी तसे करत नाहीत.

ग्रोथ फॅक्टर नेमके काय करतात?

मूलपेशीला काय बनायचे हे आधीपासून ठरलेले नसते. तिला मिळणाऱ्या आदेशांवर ते ठरते. ग्रोथ फॅक्टर हे असे आदेश. या कामात चार गट महत्त्वाचे आहेत.

पहिला ‘टीजीएफ-बीटा’. कूर्चेच्या पाककृतीत हा मुख्य घटक. तो पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिनाला चिकटतो. तेथून ‘स्मॅड’ नावाची प्रथिने हा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत नेतात. केंद्रकात ‘सॉक्स-९’ हे जनुक सक्रिय होते आणि ते टाइप-२ कोलॅजेन व अ‍ॅग्रिकॅन बनवणारी जनुके सुरू करते. थोडक्यात, कारखाना तोच राहतो, उत्पादन बदलते.

दुसरा गट ‘बीएमपी’. अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले, तर तेथे नवे हाड तयार होते हे दाखवले. त्यामागील प्रथिने म्हणजे बीएमपी. ती कूर्चाही घडवतात आणि हाडही, म्हणून त्यांचा वापर जपून करावा लागतो. तिसरा ‘आयजीएफ-१’. तो पेशीला कूर्चा बनण्याचा आदेश देण्यापेक्षा, कूर्चेच्या पेशींना अधिक माल तयार करायला लावतो. चौथा ‘एफजीएफ-२’. पेशींची संख्या वाढवण्याच्या टप्प्यात त्याचा उपयोग होतो. या टप्प्यात एफजीएफ-२ दिलेल्या घोड्याच्या मूलपेशी पुढे कूर्चा अधिक चांगली बनवतात, असे इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये नोंदवले. म्हणजे कोणता घटक द्यायचा इतकेच पुरेसे नाही. तो कोणत्या टप्प्यावर द्यायचा हेही तितकेच महत्त्वाचे.

प्रयोगशाळेत कूर्चा कशी बनते?

आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत १९९८ मध्ये ब्रायन जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या पेशींवर दाखवली. लवकरच ती माणसाच्या आणि घोड्याच्या पेशींवरही वापरली गेली. मज्जेतून मिळालेल्या थोड्या पेशी आधी प्लास्टिकच्या भांड्यात पसरवून काही आठवडे वाढवतात. मग दोन ते पाच लाख पेशी एका छोट्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवतात. पेशी तळाशी जमून त्यांची बारीक गोळी तयार होते. तिला टीजीएफ-बीटा (साधारण एका मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅम), डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि क जीवनसत्त्व असलेल्या द्रावणात ठेवतात. साधारण तीन आठवड्यांत ती चकचकीत, पांढरट, दाबली तर लवचीक लागणारी होते.

पेशी पसरवून न ठेवता एकत्र दाबायच्या का? कारण गर्भात असेच घडते. हातपाय तयार होताना पेशी आधी दाटीने एकत्र येतात आणि त्या गर्दीतून कूर्चा बनते. प्रयोगशाळेतील गोळी ही त्या गर्दीची नक्कल आहे. पण पुढची अडचणही याच नकलेतून येते.

मग घोडे अडते कुठे?

गर्भातील कूर्चा दोन प्रकारची असते. एक कायमची, जी सांध्याच्या टोकावर आयुष्यभर राहते. दुसरी तात्पुरती, जी हाडाचा साचा म्हणून तयार होते. तिच्या पेशी फुगतात, टाइप-१० कोलॅजेन बनवू लागतात, त्यात कॅल्शियम साठते, रक्तवाहिन्या शिरतात आणि तिचे हाड होते. टीजीएफ-बीटा देऊन मूलपेशींपासून बनवलेली कूर्चा बऱ्याच अंशी या तात्पुरत्या कूर्चेसारखी वागते. तिच्यात टाइप-२ कोलॅजेनबरोबर टाइप-१० कोलॅजेनही आढळते.

हा फरक किती महागात पडतो हे जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. त्यांनी माणसाच्या मूलपेशींपासून बनवलेल्या गोळ्या उंदरांच्या त्वचेखाली ठेवल्या. त्यांत कॅल्शियम साठले आणि रक्तवाहिन्या शिरल्या. सांध्यातील कूर्चेच्या मूळ पेशींपासून बनवलेल्या गोळ्या मात्र कूर्चाच राहिल्या. सांध्यात कूर्चेऐवजी हाड तयार झाले तर ते आजारापेक्षा वाईट.

मग सरळ टीजीएफ-बीटाच सांध्यात टोचला तर? उंदरांवर तेही करून पाहिले गेले आहे. सांध्याच्या कडेला हाडाचे नको ते काटे वाढले आणि सांध्याचे अस्तर जाड व ताठर झाले. म्हणूनच ग्रोथ फॅक्टर सांध्यात मोकळा सोडण्याऐवजी प्रयोगशाळेत पेशींना आधी ‘शिकवून’ मग त्या सांध्यात सोडण्याचा विचार पुढे आला.

प्रत्यक्ष घोड्यांत काय दिसले?

येथे तीन प्रयोग एकापुढे एक ठेवून पाहण्यासारखे आहेत. २००२ मध्ये कॉर्नेलच्या गटाने घोड्यांच्या कूर्चेत खड्डे केले. ते फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जेलमध्ये मिसळलेल्या कूर्चेच्या पेशींनी भरले. काही खड्ड्यांत आयजीएफ-१ ही घातले. आठ महिन्यांनी आयजीएफ-१ असलेले खड्डे अधिक चांगले भरलेले होते. पण या मूलपेशी नव्हत्या. त्या दुसरीकडून काढलेल्या तयार कूर्चेच्या पेशी होत्या आणि अशा पेशी मुबलक मिळत नाहीत.

म्हणून २००७ मध्ये याच विद्यापीठातील संशोधकांनी सहा घोड्यांवर मज्जेतील मूलपेशी वापरून पाहिल्या. एका सांध्यात पेशींसह जेल, दुसऱ्या सांध्यात नुसती जेल. ३० दिवसांनी पेशी घातलेली बाजू स्पष्टपणे सरस होती. आठ महिन्यांनी दोन्ही बाजूंत लक्षणीय फरक उरला नाही. सुरुवातीची आघाडी टिकली नाही. एका महिन्यावर थांबलेला प्रयोग किती फसवी आशा दाखवू शकतो, हे यावरून कळते.

२०११ मध्ये कोलोरॅडोच्या वेन मॅकइलरेथ यांच्या गटाने दहा घोड्यांच्या गुडघ्यांत खड्डे करून त्यांच्या तळाच्या हाडाला बारीक छिद्रे पाडली. ‘मायक्रोफ्रॅक्चर’ ही शस्त्रक्रिया माणसांतही करतात. महिनाभराने एका सांध्यात दोन कोटी मूलपेशी हायल्युरोनिक आम्लाबरोबर दिल्या, दुसऱ्यात नुसते हायल्युरोनिक आम्ल. वर्षभरानंतर पेशी दिलेल्या बाजूची दुरुस्ती अधिक घट्ट होती, तिच्यात अ‍ॅग्रिकॅनही जास्त होते. मात्र घोड्याच्या चालण्यात किंवा क्ष-किरण चित्रात लक्षणीय फरक आढळला नाही.

युरोपने कोणत्या औषधाला मान्यता दिली?

या सगळ्या प्रवासातून बाजारात पोहोचलेले एक उत्पादन म्हणजे ‘आर्टी-सेल फोर्ट’. बेल्जियममधील कंपनीने विकसित केलेल्या या इंजेक्शनला युरोपीय महासंघात २०१९ मध्ये परवानगी मिळाली. मूलपेशींवर आधारित पशुवैद्यकीय औषधाला तेथे मिळालेली ही पहिलीच मान्यता. दात्या घोड्याच्या रक्तातून मूलपेशी मिळवायच्या, त्यांना कूर्चेच्या दिशेने वळवायचे, अतिशीत तापमानात साठवायचे आणि गरजेच्या वेळी घोड्याच्या रक्तद्रवाबरोबर (प्लाझ्मा) सांध्यात द्यायचे, अशी ही पद्धत. पेशी स्वतःच्याच घोड्याच्या असण्याची गरज नसल्याने मज्जा काढण्यात आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यात वेळ जात नाही.

मान्यतेचा मजकूर मात्र नीट वाचायला हवा. सांध्यातील जंतुसंसर्ग नसलेल्या दाहामुळे वारंवार उद्भवणारे सौम्य ते मध्यम लंगडणे कमी करणे, एवढाच त्याचा उद्देश लिहिला आहे. झिजलेली कूर्चा नव्याने उगवते, असा दावा त्यात नाही. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. सांध्यात सोडलेल्या मूलपेशींचा मोठा भाग तेथे फार काळ टिकत नाही. तरीही घोड्याला आराम पडतो, कारण या पेशी दाह कमी करणारे रासायनिक संदेश सोडतात, असे आज अनेक संशोधक मानतात. ज्या कॅप्लन यांनी ‘मूलपेशी’ हे नाव रूढ केले, त्यांनीच २०१७ मध्ये हे नाव बदलण्याची मागणी केली. या पेशी शरीरात गेल्यावर नवी ऊती घडवण्यापेक्षा औषधासारखे काम करतात, असे त्यांचे म्हणणे होते.

माणसांच्या गुडघ्यांसाठी यातून काय मिळाले?

ग्रोथ फॅक्टर थेट माणसाच्या गुडघ्यात देण्याचा मोठा प्रयत्न ‘स्प्रिफर्मिन’ या औषधाने झाला. हे ‘एफजीएफ-१८’ या प्रथिनाचे कृत्रिम रूप. ५४९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वाधिक मात्रा घेतलेल्यांची कूर्चा दोन वर्षांत नुसते सलाइन घेतलेल्यांच्या तुलनेत ०.०५ मिलिमीटरने जाड भरली. पण वेदना आणि हालचाल यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. घोड्याच्या औषधाने लंगडणे कमी झाले, पण कूर्चा उगवल्याचा दावा नाही. माणसाच्या औषधाने कूर्चा किंचित वाढली, पण दुखणे सलाइनच्या तुलनेत कमी झाले नाही. कूर्चा आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

भारतात बंगळूरुच्या ‘स्टेम्प्युटिक्स’ कंपनीने दात्यांच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून बनवलेल्या उत्पादनाला गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली असून ते २०२२ मध्ये बाजारात आले. अशी मंजूर उत्पादने मोजकीच आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांवरील मूलपेशी प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा इतर वापर मंजूर वैद्यकीय चाचणीतच व्हायला हवा. तरीही ‘ऑपरेशनशिवाय गुडघ्याची गादी परत आणा’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसतात.

महाराष्ट्रातील घोडेमालकांनी यातून काय घ्यावे?

मुंबई आणि पुण्याच्या रेसकोर्सवरील घोडे, सारंगखेड्याच्या बाजारात लाखांच्या बोलीवर विकले जाणारे घोडे आणि माथेरानच्या चढावर रोज पर्यटक वाहणारे घोडे यांचे सांधे सारखेच असतात, मालकांचे खिसे मात्र सारखे नसतात. शर्यतीच्या घोड्यासाठी महागडे इंजेक्शन परवडू शकते. माथेरानच्या घोडेवाल्याला मात्र घोडा महिनाभर उभा राहिला तर घर चालवणे कठीण होते.

म्हणून पहिला प्रश्न निदानाचा. घोडा लंगडतो म्हणजे कूर्चाच झिजली असे नाही. खुरात गळू झालेले असते, नाल चुकीचा बसलेला असतो, कधी कंडरा दुखावलेली असते. दुखणारी जागा नेमकी कोणती हे पशुवैद्यक एकेक भाग बधिर करून, क्ष-किरण आणि सोनोग्राफी करून शोधतात. त्यानंतरच सांध्यात काही टोचण्याचा विचार. वेळेवर खुरांची छाटणी, योग्य नाल, आटोक्यातील वजन आणि दुखापतीनंतर पुरेशी विश्रांती यांचा खर्च कोणत्याही पेशी-उपचारापेक्षा कमी आहे आणि झीज लांबवण्याचा तोच सर्वात खात्रीचा मार्ग आहे.

घोड्यासाठी असो वा आजोबांच्या गुडघ्यासाठी, कोणी मूलपेशींचा उपचार सुचवला तर तीन प्रश्न विचारावेत. हा उपचार वेदना कमी करतो की कूर्चा वाढवतो? परिणाम किती महिन्यांनी आणि कशाच्या तुलनेत तपासला? या उत्पादनाला सरकारी मान्यता नेमकी कशासाठी आहे? २००७ च्या प्रयोगातील सहा घोड्यांकडे ३० दिवसांनी पाहणाऱ्याला उपचार यशस्वी वाटला असता. आठ महिने थांबल्यावरच खरे चित्र कळले. उपचार करणाऱ्याकडे त्या आठ महिन्यांनंतरचे उत्तर आहे का, हे पैसे देण्याआधी विचारायला हवे.